स्कॉटलंडातली ओवी

"खोटं वाटेल, पण स्कॉटलंडमधलं आख्खं गाव मी ओवीवर डोलवलं!"

जर्सी सिटीच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना विनायककाकांचा आवाज चढला, तसा शेजारच्या खुर्चीतल्या रुपालीने फोन खाली ठेवला.

"काय सांगता काका!" समोर बसलेली मराठी मंडळाची सेक्रेटरी आश्लेषा म्हणाली.

"अगं, गाइडसोबत दहा दिवसांची निवांत टूर. तिथल्या एका गावात जुनी रीत आहे, हातमागाचं ओलं लोकरी कापड टेबलावर आपटून घट्ट करायचं आणि ठेक्यात गायचं. मी जात्यावरची ओवी धरली, तर बाहेर मेंढ्या डोलायला लागल्या!"

"मग शनिवारी मंडळात स्टेजवर तुम्हीच!"

"लिही माझं नाव."

"अहो," काकांशेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "त्या टेबलाशी पुरुषांना बसूच देत नव्हते. ओवी मी म्हटली. तुम्ही बाहेर गाइडला दुखरा गुडघा दाखवत होतात. आश्लेषा, नाव खोड ते. माझं लिही."