तेलाचा हात

पॉलिशच्या दुकानात आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मी नळाची तोटी घेऊन. शेजारी पोल डान्सचा जुना पोल मांडीवर आडवा धरून एक म्हातारा फिटर, आणि तो पोल त्याच्याकडून विकत घेतलेली बाई.

“काका, तुम्ही कशाला ताटकळताय? मी घेते की करून.”

“थांबतो. पॉलिश झालं की हे लोक तेलाचा हात फिरवतात. तो फिरवू द्यायचा नाही.”

“गंज धरू नये म्हणून फिरवत असतील.”

“गंज परवडला. घरी एकट्याच करणार ना?”

“हो, मुलं शाळेत गेली की.”

“मग चढायच्या आधी रोज स्पिरिटने पुसायचा. पार वरपर्यंत. कोरडा ठणठणीत हवा.”

“तुम्हाला बरंच माहितीये हो!”

“मुलीचा आहे. तिनेही जुनाच आणला होता. वरच्या टोकाला गंजाचे ठिपके होते. माझी चाळीस वर्षं मशीनवर गेली, लोखंड दिसलं की हात आपोआप तेलाकडे जातो. ती घरात नव्हती, म्हटलं, तेवढं करून ठेवू.”

“अगं बाई! मग?”

“वर जाऊन उलटी लटकली. आता चाकाच्या खुर्चीत असते.”

“तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, काका? तीही समजून घेत असेल.”

“घेईल. सांगितलं तर.”

“म्हणजे?”

“तिला वाटतं, तिचीच पकड सुटली. रोज माझी माफी मागते. म्हणते, बाबा, या वयात तुम्हाला माझं सगळं करावं लागतं.”