मी उसवलेला हूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शौर्यपदकाचे मानकरी आदरणीय साहेब, व्यासपीठावरील वरिष्ठ अधिकारी, समोर बसलेले वैमानिक, त्यांचे कुटुंबीय आणि शिवणखोलीतले माझे दोन सोबती,

हवाई तळावरच्या शिंप्याला निरोप द्यायला एवढं सभागृह भरलं, याचं मला अप्रूप वाटतं. भेट म्हणून कोट मिळाला. कापड चांगलं आहे, अस्तर मात्र घाईत लावलंय. सवय जात नाही, काय करणार?

पदक देताना पाहुणे ते छातीवर टोचत नाहीत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आदल्या दिवशी शिंपी कोटावर, डाव्या खिशाच्या वर, बारीक हूक शिवून ठेवतो. पाहुण्यांनी पदक नुसतं अडकवायचं. त्यामुळे वीरांची यादी वर्तमानपत्राआधी शिंप्याला कळते.

एकोणीस वर्षांपूर्वी युद्ध संपलं आणि माझ्याकडे दोन कोट आले. एक अध्यक्षसाहेबांचा. दुसरा त्यांच्या जोडीदार वैमानिकाचा, जो परत आला नव्हता. गेलेल्याचं पदक खरं तर डबीत घालून बायकोच्या हातात देतात. पण वहिनी स्वतः कोट घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, डबी नको. लेकीला ते कोटावर बघू दे." यादीत नाव होतंच. मी हूक लावला.

साहेब, तुम्ही कोट घालून बघायला आलात. आरशासमोर उभे राहून म्हणालात, "शत्रूचं विमान माझ्या मागे लागलं होतं, मास्तर. माझा जोडीदार सुटला होता, परत निघाला होता. माझ्यासाठी वळला." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ऐकलं मात्र नीट.

दोन दिवसांनी चौकशीचा कागद निघाला. परतीचा हुकूम मोडून तो का वळला, हे म्हणे कुणालाच माहीत नाही. तुम्ही लिहून दिलंत, "मला दिसलं नाही." हुकूम मोडणाऱ्याला कसलं पदक? नाव खोडलं गेलं. मला हूक काढायला सांगितलं. मी ब्लेडने उसवला. कापडाला दोन भोकं राहिली, ती इस्त्रीनं बुजली नाहीत. वहिनींनी विचारलं, "काय झालं, मास्तर?" मी म्हणालो, "वरून सांगितलंय."

मला सगळं ठाऊक होतं. पण नोकरी होती, घर तळावरचं होतं, आणि शिंप्याचं कोण ऐकतंय, ही सबब फार सोयीची होती. भित्रेपणात आपण दोघं सारखेच, साहेब. फरक एवढाच, की मला पदक मिळालं नाही.

तुमचं शौर्य खोटं, असं मी म्हणत नाही. जळतं विमान तुम्ही उतरवलंत, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण वहिनींच्या लेकीला शाळेत 'हुकूम मोडणाऱ्याची पोरगी' म्हणत होते, तेव्हा मी तुमच्या बढतीच्या फिती शिवत होतो. त्याचा मला राग आहे, तुमचा आणि माझाही.

बोलता बोलता शब्द उणाअधिक गेला असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आपण सगळे आलात, मनापासून आभार. वहिनी आणि त्यांची लेक तिसऱ्या रांगेत आहेत, मीच बोलावलंय त्यांना. आता अध्यक्षीय भाषण आहे. या साहेब, माइक चालू आहे.