थप्पीखालचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, वडगावहून मुद्दाम आलेले मामलेदारसाहेब, आमचे गोदामाचे साहेब, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आमचे मुकादम अल्लाबक्षभाई, कमरजहाँभाभी आणि जमलेल्या सगळ्या हमाल बंधू-भगिनींनो,

मी रखमाजी, कुसगावचा. शाळा चौथीपर्यंत. साहेब म्हणाले, उद्यापासून मुकादम तू, तर चार शब्दही तूच बोल. म्हणून हा कागद लिहून आणलाय.

भाईंनी या धान्याच्या गोदामात बावीस वर्षं काढली. पोत्यांची थप्पी चौदा थरांची, आणि थप्पी अन् भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच गल्ली. आपल्या लोणावळ्याच्या हवेत तांदूळ ओल धरतो, खालची पोती फुगतात, थप्पी कलते. म्हणून रोज सकाळी भाई आधी एकटे गल्लीत शिरत, हातानं थर चाचपत, आणि ते बाहेर आले की मग आम्ही आत. तुम्हाला भीती नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं.

"लय वाटती," भाई म्हणाले. "म्हणून तर तुमाला आदी धाडत न्हाई."

याहून मोठा गौरव मी काय करणार? कागदावर यापुढे फक्त आभार आहेत. ते वाचून खाली बसलो असतो तर बरं झालं असतं.

सन चव्वेचाळीसचा श्रावण. रेशनचा तांदूळ होता. संध्याकाळी मला एक पोतं काढायला सांगितलं. पोतं वरूनच काढायचं, हा भाईंचा नियम. पण मला उंचावर चढायची भीती वाटते. हमालानं हे कुणाला सांगायचं? मी गल्लीत शिरलो, खालून दुसऱ्या थरातल्या पोत्याला लोखंडी आकडा लावला आणि ओढलं. पोतं अर्धं बाहेर आलं अन् वरून करकर ऐकू आली. आकडा तिथंच टाकून मी पळालो. पोतं उद्या काढतो म्हणून सांगितलं आणि घरी गेलो.

सकाळी भाई गल्लीकडं निघाले. मी दारातच होतो. भाई, जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. रोजी जाईल या भीतीनं तोंड उघडलं नाही हो. थप्पी खाली आली.

सगळे पोती उपसत भाईंना हाका मारत होते. मीपण उपसत होतो, बोटं फुटेपर्यंत. लोक म्हणाले, रखमाजीनं जिवाची पर्वा केली नाही. भाई, मी तुम्हाला शोधत नव्हतो. मी माझा आकडा शोधत होतो. त्याच्या मुठीवर माझी खूण होती. तो सापडला, कमरेला खोचला, आणि मग तुम्हाला हाक मारली.

भाईंचा पाय त्या दिवशी अधू झाला. सगळ्यांनी ओलीला दोष दिला, मीही दिला. आणि भाभी, यानंच यांना बाहेर काढलं म्हणून तुम्ही दर ईदला माझ्या घरी शीरखुर्मा पाठवता. तो माझ्या घशाखाली उतरत नाही.

हा तो आकडा. इथं टेबलावर ठेवतो. साहेब, मुकादमकीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. कामावर ठेवलंत, तर उद्या सकाळी गल्लीत पहिला मी जाईन. भीती मलाही वाटते, तरी जाईन.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुठं कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या सकाळचं मात्र सभेनं पोटात घालू नये. ते भाईंनी ठरवायचं आहे. ते बोलेपर्यंत मी खाली बसत नाही.