त्र्याहत्तर साली जाळीवर

—सही करतो की, सहीला काय लागतं, पण आधी चष्मा तर सापडू दे. बसा ना लॉवेलबाई, त्या खुर्चीवरचे पेपर खाली ठेवा, चार जिने चढून आलात. चहा घ्या, गार होतोय. हा, सापडला. काय लिहिलंय? 'आम्ही खाली सही करणारे विंबल्डनचे माजी पंच' — बरं — 'आमच्या जागी यंत्रं बसवली याचं आम्हाला दुःख आहे' — दुःख तर आहेच. तुमचं ताजं आहे, तुमची रेषेवरची जागा यंदा गेली. माझी जागा यंत्रानं तीस वर्षांपूर्वीच खाल्ली, तेव्हा कुणी कागद नाही काढला. असू दे. जाळीवरच्या पंचांपैकी सगळ्यात म्हातारा जिवंत म्हणून माझं नाव वर हवंय तुम्हाला, मान दिलात. पुढे? 'आमच्यापैकी कुणीही कधी जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला नाही.' — हं.

हे वाक्य राहायलाच हवं का? — हो, हो, कळलं, सगळा जोर त्याच्यावरच आहे. यंत्र चुकतं, माणूस खोटं बोलत नाही. छान आहे. नाही, पेन चालतंय, पेनाचं काही नाही. तुम्ही रेषेवरच्या, बाई, तुमचं काम डोळ्यांचं. चेंडू आत की बाहेर, ते शंभर जण बघत असतात, चुकलात तर अख्खी गॅलरी बोंबलते. माझं काम बोटाचं. खांबाला खेटून खुर्ची, आणि सर्व्हिस होईपर्यंत बोट जाळीच्या पट्टीवर टेकवलेलं. चेंडू निसटता घासून गेला तरी बोटाला कळतं — मग मी 'नेट' म्हणायचं आणि ती सर्व्हिस पुन्हा. बघायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. माझं बोट जाणे आणि देव जाणे. त्यामुळे बोट सरळ असावं लागतं माणसाचं. माझं सरळच होतं. सव्वीस वर्षं सरळ होतं, एक दुपार सोडली तर.

त्र्याहत्तर साल. तुम्ही शाळेत असाल तेव्हा. ऐंशीवर खेळाडूंनी बहिष्कार टाकला ते वर्ष — त्यांच्यातल्या एकावर बंदी घातली म्हणून त्यांची नवी संघटना उठून गेली, सगळी मोठी नावं घरी. आणि क्लबानं काय केलं? पात्रता फेरीत हरलेली पोरं फोन करकरून बोलावली आणि जागा भरल्या. लोकही रांगा लावून आलेच. आता माझं ऐका — मी टपालातला माणूस. एकाहत्तरचा आमचा संप, सात आठवडे, ऐन थंडीत. माझी बायको एडिथ रोज उकडलेले बटाटे वाढायची आणि वर म्हणायची, आज मटण जरा मऊ झालंय. हरलो आम्ही, पण आत कुणी गेलं नाही — म्हणजे एक गेला, समोरच्या घरातला. त्याच्याशी मी मरेपर्यंत बोललो नाही. त्याच्या मरेपर्यंत. मयतीलाही गेलो नाही. संपफोड्या म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अजूनही जाते.

तर पहिली फेरी, बाहेरचं एक कोर्ट, आणि हा पोरगा. डेरिक ऑल्सप, नॉर्दम्प्टनचा, कपडे बहुतेक कुणाकडून तरी मागून आणलेले. पात्रतेत हरलेला, बहिष्कारामुळे आत आलेला. मी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं नाव ठेवून टाकलं — संपफोड्या. समोर एक डच, चांगला खेळायचा. पण पोरगा काय खेळला म्हणता! पाचव्या सेटमध्ये आठ-सात पुढे, सर्व्हिस त्याची आणि मॅच पॉइंट. त्यानं मारली ती थेट मधल्या रेषेवर, डच जागचा हललासुद्धा नाही — हात पुढे करून जाळीकडे यायलाही लागला होता.

आणि मी म्हटलं, 'नेट.'

नाही. नाही घासला. हातभर वरून गेला, बाई. बोटाला काही म्हणजे काही लागलं नाही. का म्हणालो? डोक्यात रागच होता — दुसरे घरी बसलेत आणि हा त्यांच्या जागेवर जिंकणार, असा. पंच म्हणाले, पुन्हा घ्या. त्यानं घेतली, पहिली जाळीत, दुसरी बाहेर. मग सुटतच गेलं त्याचं. दहा-आठ हरला.

तेव्हा खेळाडू उंच खुर्चीवरच्या पंचांशी हात मिळवून निघून जायचे, आमच्याकडे कोण बघतो. हा आला. रॅकेट काखेत, घाम डोळ्यांत. म्हणाला, "साहेब, घासला होता ना?" तक्रार नव्हती हो त्यात, नुसतं विचारत होता. मी म्हटलं, "घासला होता." "मग ठीक आहे," म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. हाच हात.

चहाच्या तंबूत कळलं. बुटाच्या कारखान्यात कामाला होता. खेळाडूंच्या संघटनेत तो नव्हताच, त्याला विचारतो कोण? पण स्वतःच्या कारखान्यातल्या युनियनचा माणूस होता पक्का. क्लबाचा फोन आल्यावर आधी तिथे जाऊन विचारून आला, मी खेळलो तर चालेल का, कुणाच्या पोटावर पाय येत नाही ना? ते म्हणाले, जा, तो संप आपला नाही. मग आला. आणि मी? मी विचारलं होतं कुणाला? रजा टाकून, ब्लेझरला इस्त्री करून मीही त्याच फाटकातून आत गेलो होतो की. आमच्याविना एक सामना झाला नसता. फाटकापाशी एकदा मागे वळलो होतो, खोटं कशाला बोलू, पण ते पंधरा दिवस वर्षातून एकदाच यायचे आणि मला सोडवेनात. संपफोड्या त्या कोर्टावर होताच, बाई. खुर्चीत बसला होता.

काय? — झालं ते झालं, बावन्न वर्षं झाली, आता कुणाला कळणार? हेच मीही म्हणत आलो. निवृत्त झाल्यावर एकदा पत्र लिहिलं त्याला, नॉर्दम्प्टनच्या पत्त्यावर. सगळं लिहायला बसलो होतो — आणि लिहिलं काय, तर तुमचा खेळ आठवतो, त्या दिवशी जाळीवर मी होतो, तुम्ही हरलात याचं वाईट वाटलं. चार ओळी. टपालखात्यात जन्म गेला, पण एक धड पत्र लिहिता आलं नाही. उत्तर बायकोचं आलं. तो वारला होता. तिनं लिहिलं होतं, त्या सामन्याची गोष्ट मुलांना नेहमी सांगायचे. मुलं म्हणायची, बाबा, तुम्हाला फसवलं त्यांनी, डच तर हात मिळवायला निघाला होता. तर रागवायचे मुलांवर. म्हणायचे, मी स्वतः जाऊन विचारलं त्या माणसाला, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं त्यानं.

तिला मी अजून खरं कळवलेलं नाही. एडिथलाही कधी बोललो नाही. तुम्ही पहिल्या, आणि तुम्हालाही सांगायचं नव्हतं, सहीच करायची होती.

घ्या हा कागद. नाही, ते वाक्य खोडू नका, बाकीच्यांचं खरं असेल. फक्त माझं नाव वर नको, खालीही नको. — अहो, नाही म्हटलं ना. जिना उतरताना कठडा धरा, खालचा दिवा गेलाय. जा आता. दार ओढून घ्या.