अस्वलाच्या हातचा चहा

गंभीर बाब हाय, नीट लिहून घ्या. वरकुट्यातल्या एका बागायतदाराच्या भरल्या संसारात अस्वल शिरलं व्हतं, आन् तो बागायतदार मी.

जलमलो हितंच, शाळा सातवीपतोर, मग वांगी-टोमॅटो लावायची आन् बारामतीच्या मार्केट यार्डात न्यायची, जलमभर हेच केलं. नव्वद सालानंतरची गोष्ट, एका हंगामात टोमॅटोनं हात दिला, तवा बारामतीतनं रंगीत टीव्ही आणला, मीच आणला बघा, माझ्याच हातानं.

रविवारी सकाळी पोरांचं कार्टून लागायचं. अस्वलाचं कुटुंब, आईबाप, दोन पिल्लं, समदी एका टेबलावर जेवणारी, हिंदीत बोलणारी. काय सांगू तुमाला, त्यातलं बाप अस्वल घरी आलं की टोपी खुंटीला अडकवायचं, चहा करायचं आन् बायकोच्या हातात द्यायचं. पोरं बघायची ते ठीक, पर माझी बायको सुमन, तीबी मेथी निवडत बघायची, आन् तो कप आला की तिचा हात थांबायचा. लग्नाला बारा वर्षं झाली व्हती, मला बघून तिचा हात कधी थांबला न्हाय.

जळालो मी. कुणावर, तर केसाळ जनावरावर. एका रविवारी पत्र्यावर चढून अँटेना फिरवला, म्हणलं वारं लय सुटलंय. थोरली लेक रडाया लागली, मग मीच परत चढून सरळ केला. खाली येऊन म्हणलं, आपल्यासारखं एक तरी हाय का त्या घरात, ना शेत, ना मोटर, ना सासू, त्याला कुठं लाईट आली की शेतात पाण्याची दारं धरायला पळायचं असतं. सुमन मान वर न करता म्हणाली, न्हाय ना, पर चहाचा डबा कुठं असतो ते त्याला म्हाईत हाय.

लागलं मला ते. फुडच्या रविवारी मी सोताच स्टोपाशी गेलो. तीन डबे उघडले, आधी हळद, मग मीठ, मग चहा. म्हातारी, म्हंजे माझी आई, उंबऱ्यात बसलेली, तिच्याम्होरनंच कप नेला. सुमन दचकली, पदर सारखा केला, आवं हे काय, म्हणाली. घे, गार व्हईल, म्हणलं. साखर टाकायची राहिली व्हती, तरी तिनं तोंड वाकडं केलं न्हाय. मेथी मांडीवर तशीच. तिकडं टीव्हीत अस्वलाचा कप आला, तिनं बघितलंसुदिक न्हाय. जिंकलो म्हणा की.

मग म्हातारीकडं नजर गेली. सुनेच्या हातातल्या कपाकडं ती टक लावून बघत व्हती. म्हणलं, झालं, आता बायकोचा बैल म्हणून गावभर करणार ही. आज म्हातारी हयात न्हाय, कार्टूनबी बंद झालं, सकाळचा चहा मीच टाकतो, साखर घालून, आन् टाकताना रोज म्हातारीचं ते बोलणं आठवतं. त्या रविवारी कपाकडं बघत तिची तीच बोलून गेली, तुझ्या बापानं बघायला पायजे व्हतं रं ते अस्वल.