एक क्लास आणि दोन औरंगाबाद

आपल्या शहराचं नाव बदललं, तवाची गोष्ट. आमच्या पंपाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांचे पत्ते एक्सएमएल फायलींमधी असायचे. मी कोडिंगमधी नवखा, नाव बदलायला दर फायलीसाठी तोच कोड चिकटवत बसलेलो. शेजारच्या टेबलावरची शबाना म्हणाली, "एकच क्लास, म्हंजी कोडचा एक साचा, लिहा ना. सगळीकडं तोच चालंल."

लिहिला. औरंगाबाद दिसलं, की छत्रपती संभाजीनगर करायचं. चाळीस फायली चहा संपायच्या आत झाल्या.

आठवड्यानं बिहारला पाठवलेला पंप ट्रान्सपोर्टवाल्यानं पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर वाचून आमच्याच गेटवर आणून उतरवला. तिथल्या व्यापाऱ्याचं शहरही औरंगाबादच, अन् ते काय बदललेलं नाय. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "ठीक है. दुकान का बोर्ड भी बदलवा लें क्या?"