निळं अस्वल

टपाल कचेरीच्या बसथांब्यावर एक नवराबायको उभे होते. नवऱ्याने रंगवलेलं अस्वलाचं शिल्प परवाच तिथे येऊन उभं राहिलं होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या नर्सबाई त्या नवराबायकोचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“अहो, दोन बस सोडल्या!”

“कुणीतरी अस्वलाबद्दल चांगलं बोलू दे, मग निघू.”

“मघाशी ते आजोबा बोलले की.”

“म्हैस म्हणाले त्याला!”

“निळी म्हैस म्हणाले. रंग तरी ओळखला ना?”

“हसू नकोस. दोन महिने खपलोय.”

“आणि माझ्या सगळ्या वाट्या निळ्या झाल्या, त्याचं काय?”

तिसरी बस आली. कंडक्टर आतून ओरडला, “चला, निळं अस्वल! निळं अस्वलवाले उतरून घ्या!”

नवरा बस सोडून अस्वलाकडेच बघू लागला.

“चढा ना,” नर्सबाई म्हणाल्या.

“तुम्ही व्हा पुढे,” बायको म्हणाली. “आम्ही अजून एक बस ऐकून येतो.”